कंटकासुराचा चेहरा

काका एके काळी राक्षस होते, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते कुणाला खरं वाटत नव्हतं.

आता यात सोसायटीचाही फारसा दोष नाही. जो माणूस जन्मभर विमा कचेरीत बसून लोकांच्या मोडक्या हाडांचे आणि जळक्या दुकानांचे अर्ज हळुवारपणे नामंजूर करत आला, भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही जो आधी 'माफ करा हं' म्हणतो, ज्याच्या खांद्यावरून शर्टसुद्धा जेमतेम ओघळायचा राहतो, तो माणूस कधी काळी शनीपलीकडच्या ग्रहाचा सम्राट होता आणि पृथ्वीचा चेंदामेंदा करायला निघाला होता, हे पटायला जडच. पण होता. आपण काकांच्या बाजूचे आहोत हे मी आधीच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत तळ्यात-मळ्यात नको.

मालिकेचं नाव 'शनीपलीकडे स्वारी'. टीव्ही हा प्रकार गल्लीत एखाद्याच घरी असायचा आणि त्या घरच्यांना रविवारी सकाळी स्वतःच्याच घरात बसायला जागा मिळायची नाही, त्या काळातली. तिच्यात कप्तान अजिंक्य नावाचा एक भरदार छातीचा गृहस्थ अग्निबाणात बसून ग्रहामागून ग्रह पालथे घालायचा. ग्रह कुठलाही असो, तो दिसायला गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीसारखाच असे, कारण ती गावाबाहेरची दगडाची खाणच होती. मंगळावर गेले की दिव्याला लाल कागद लावत, शुक्रावर गेले की पिवळा. अग्निबाण दोरीला टांगलेला असे आणि दोरी दिसू नये म्हणून तिला काळा रंग दिलेला असे. आकाश मात्र निळं रंगवून झालेलं होतं. यानातल्या महागणकाचे दिवे उघडझाप करायचे, ते पुठ्ठ्यामागे बसलेला एक इसम हाताने करायचा. कप्तानाने अवघड प्रश्न विचारला की तो उत्साहाच्या भरात जास्त जोरात करायचा, आणि मग पुठ्ठाही हलायचा. प्रोफेसरसाहेबांची कन्या दर भागात एकदा पळवली जायची. तिला त्याची इतकी सवय झाली होती की पुढेपुढे राक्षस आले की स्वतःच हात पुढे करायची.

पण हसू नका. त्या काळी कुणी हसत नव्हतं. कप्तान दरीच्या काठावर लोंबकळत राहिला आणि भाग संपला, की आख्खी गल्ली आठवडाभर घशाला कोरड पडल्यासारखी वावरायची. मी सांगतो, आजच्या गुळगुळीत सिनेमांत अग्निबाणाला दोरी नसते हे खरं, पण जीवही टांगणीला लागत नाही.

या मालिकेचा खलनायक कंटकासुर. तीन डोळे, दोन शिंगं, अंगभर खवले. हा अवतार फोमचा होता आणि तो गाद्या शिवणाऱ्या एका कारागिराने शिवला होता. मापं कुणी दिलीच नाहीत म्हणून त्याने ती स्वतःची घेतली, आणि कारागीर होता काडीपैलवान. भूमिकेसाठी आणलेल्या खऱ्या पैलवानाच्या गुडघ्यांवर तो पोशाख चढेना. दिग्दर्शक डोकं धरून बसला असतानाच तरुणपणीचे काका स्टुडिओतल्या दिव्यांच्या विम्याचे कागद घेऊन दारात उभे राहिले. दिग्दर्शकाने कागद बाजूला ठेवले आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पुढच्या रविवारी काका सम्राट झाले. आवाज दुसऱ्याचा, कातडं फोमचं. काकांचं म्हणून त्यात जे काही होतं ते आत होतं आणि घामाने निथळत होतं.

असा हा बिनचेहऱ्याचा पराक्रम. पण शेवटच्या भागात एक घटना घडली. कप्तानाशी झुंज चालू असताना त्याची तलवार शिंगात अडकली आणि मुखवटा हनुवटीपासून वर सरकला. आतून चष्मा लावलेले काका क्षणभर जगाला दिसले. त्यांनीच घाईघाईने मुखवटा खाली ओढला. पुन्हा झुंजायला हवं होतं, पण कप्तानाला संध्याकाळी एका नाटकात काम होतं. दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे. पापणी लवेस्तोवर जातंय. कोण बघतंय?"

कोण बघतंय म्हणजे? काकांनी आख्ख्या सासुरवाडीला बघायला बसवलं होतं. नवीन लग्न झालेलं. काकू, सासू, शाळकरी मेहुणा, शेजारीपाजारी, सगळे टीव्हीसमोर. झुंज सुरू झाली. काका पुटपुटले, "आता बघा हं, आता." आणि नेमक्या त्या क्षणी चित्राला मुंग्या आल्या म्हणून सासरेबुवा अँटेना हलवायला उठले ते थेट पडद्यासमोर उभे राहिले. ते बाजूला झाले तेव्हा कंटकासुर पूर्ववत तीन डोळ्यांनी बघत होता. झालं. तेव्हापासून 'तो चेहरा' हा घरात थट्टेचा विषय झाला. मेहुणा पुढे बँकेत तपासनीस झाला आणि दुसऱ्याच्या म्हणण्यावर विश्वास न ठेवणं हा त्याचा रीतसर व्यवसायच बनला. कौटुंबिक बैठकीत तो हमखास विचारायचा, "दाजी, तो चेहरा कुठे हो दिसला होता? शनीच्या अलीकडे की पलीकडे?" काका हसून घ्यायचे. सवय झाली होती.

ठिणगी पडली ती मुलाचे सासू-सासरे पहिल्यांदा घरी आले तेव्हा. मेहुण्याने चहाबरोबर राक्षस काढलाच. नव्या विहीणबाई भल्या, त्यांनी आदराने काकूंना विचारलं, "अय्या, खरंच होते का हे त्यात?"

काकू कप गोळा करत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "असतील हो."

असतील हो! काकांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं आणि त्यांनी ते काढलंसुद्धा नाही. मेहुण्याने हसावं, जगाने हसावं, पण जिच्याबरोबर आयुष्य काढलं तिने 'असतील' म्हणावं? होते म्हणत नाही, नव्हते म्हणत नाही. परक्या माणसाच्या वयाबद्दल बोलावं तसं असतील म्हणते! त्या दिवशी काकांनी मनाशी ठरवलं की तो भाग मिळवायचा, हिच्यासमोर लावायचा, आणि तो चेहरा हिला दाखवायचा. जगाला नाही दाखवला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी काका दूरदर्शन केंद्राच्या संग्रह विभागात हजर झाले. तिथल्या कारकुनाने चौकशी मन लावून ऐकली. कारकून कारकुनाशी बोलतो तेव्हा एक प्रकारचा ओलावा असतो.

"भाग आहे आमच्याकडे," तो म्हणाला. "पण जुना माल बाहेर द्यायचा तर फक्त त्यात काम केलेल्या कलावंताला देता येतो."

"मीच आहे कलावंत."

"कुठली भूमिका?"

"कंटकासुर."

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "पुरावा?"

"त्या भागात माझा चेहरा दिसतो."

"मग तो दाखवा."

"तो तुमच्याकडे आहे."

"पण तो तुम्हाला पुराव्याशिवाय दाखवता येत नाही ना," कारकून कळवळून म्हणाला. हे उत्तर अशाच खुर्चीत बसून काकांनीही आयुष्यभर लोकांना दिलं होतं, त्यामुळे त्यातली सुबकता त्यांच्या लगेच लक्षात आली. रागावताही येईना. शेवटी कारकुनानेच तोड काढली. एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने शिक्क्यानिशी लिहून दिलं की सदर इसम हाच तो राक्षस, तर काम होईल.

सोसायटीत शिक्का असलेले एकच गृहस्थ होते, सरकारी इस्पितळातले डॉक्टर. ते म्हणाले, "काका, जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते कसं लिहू? फार तर तुम्हाला किती वर्षं ओळखतो आणि वागणूक कशी आहे, एवढं लिहीन." मग त्यांनी मध्यममार्ग काढला आणि लिहिलं की, 'कंटकासुराचे काम केल्याचे सांगणारे सदर गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचे असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. त्यांच्यापासून कोणालाही उपद्रव झाल्याचे ऐकिवात नाही.' राक्षसाला मिळालेलं हे जगातलं पहिलंच चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र असावं. कारकुनाने त्यावरचा गोल शिक्का बघितला, मजकूर बघितला नाही, आणि एक भलीमोठी, बुरशीचा वास येणारी टेप काकांच्या हातात ठेवली.

ती लावायचं यंत्र मात्र आता कुणाकडेच नव्हतं. काका टेप छातीशी धरून जिना चढत असताना प्रत्येक मजल्यावर एक दार उघडलं आणि एक सल्ला बाहेर आला. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, तांदळाच्या डब्यात ठेवा, ओल निघते. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, तांदळात अजिबात नको, उन्हात ठेवा. तिसऱ्या मजल्यावर दोघांचंही चूक ठरलं आणि टाल्कम पावडर सुचवली गेली. काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याचं काम नोकरीत पुरेसं झालं होतं. टेपेने तांदूळ, ऊन आणि पावडर असा सगळा उपचार सोसला. शेवटी डॉक्टरांनी लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला. त्याच्याकडे माळ्यावर जुनं यंत्र होतं. तो टेप पाहून हळवा झाला. "काका, लहानपणी मी तुमच्या त्या कंटकासुराला घाबरून पलंगाखाली लपायचो. ठेवून जा. घरचं कार्य समजून करतो," तो म्हणाला. काकांना बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण ते पुढे कळेल.

एव्हाना गोष्ट काकांच्या हातात राहिली नव्हती. घरात, पडदे ओढून, फक्त बायकोला दाखवायचा बेत होता. पण डॉक्टरांनी जिन्यात कुणाला तरी सांगितलं आणि जिन्यात सांगितलेलं जिन्यातच राहतं का? लोक म्हणाले, आम्हालाही बघायचंय, गच्चीवर लावा. गच्ची म्हटल्यावर सेक्रेटरी आले. सेक्रेटरींनी नियमावली उघडली आणि गच्चीचा वापर कपडे वाळवण्यासाठीच करता येतो असं निदर्शनास आणून दिलं. यावर मास्तरांनी असा युक्तिवाद केला की चित्र चादरीवर पडणार आहे, चादर दोरीवर वाळत घातलेली असेल, तेव्हा नियम पाळला गेला. सेक्रेटरींना हे मान्य करावं लागलं, पण त्यांनी चादर खरोखर ओली असण्याचा आग्रह धरला. शिवाय सुरुवातीला दोन शब्द ते बोलणार होते. खाली फळ्यावर सूचना लागली: 'रविवारी संध्याकाळी गच्चीवर राक्षस दाखवण्यात येईल. सभासदांनी खुर्च्या आपापल्या आणाव्यात.'

मेहुणा तर खास सुट्टी टाकून आला. विहीणबाईही आल्या. काकूंनी आपली पांढरी डबल बेडची चादर धुऊन, पिळून दोरीवर टाकली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. काका मागे, पाण्याच्या टाकीला टेकून उभे. त्यांच्याने बसवेना.

अंधार पडला. सेक्रेटरींचे दोन शब्द पुष्कळ वेळाने संपले. ओल्या चादरीवर शनी उगवला, आणि शनीभोवती कड्याऐवजी गुलाबाच्या फुलांची महिरप उगवली. काकांनी चित्रीकरणवाल्याकडे बघितलं. तो अभिमानाने मान डोलावत होता. हे घरचं कार्य होतं. प्रत्येक दृश्य बदलताना दोन बदाम उडत येऊन एकमेकांवर आदळत होते. कप्तान अजिंक्य गर्जना करत होता आणि मागे मंद सनई वाजत होती. कंटकासुराचं पहिलं दर्शन तर एका हृदयाच्या चौकटीत झालं. गच्ची खो-खो हसली. दोरी दिसली तेव्हा हसली, हलत्या पुठ्ठ्याला हसली, कन्येने हात पुढे केले तेव्हा तर मास्तरांना ठसका लागला.

आणि मग, कसं कोण जाणे, हसणं कमी होत गेलं. कप्तान खाणीच्या कड्यावर लोंबकळायला लागला, त्याची बोटं एकेक करून सुटायला लागली, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी सनईच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "अरे, डाव्या हाताला दगड आहे, तो धर." कुणी हसलं नाही. सगळ्यांना तो दगड दिसत होता. काकांच्या अंगावर काटा आला. जुनी, मोडकीतोडकी, गाद्यावाल्याने शिवलेली ती गोष्ट अजून लोकांना धरून ठेवत होती.

झुंज सुरू झाली. काकांनी टाकी घट्ट धरली. तलवार उगारली गेली, शिंगात अडकली, मुखवटा हलला... आणि दोन बदाम उडत आले. ते बाजूला झाले तेव्हा मुखवटा जागेवर होता.

काका अंधारात चाचपडत चित्रीकरणवाल्यापाशी गेले. "अहो, इथे एक चेहरा होता."

"होता ना," तो कुजबुजला. "मध्येच कोणीतरी चष्मेवाला घुसला होता. काढून टाकला. लग्नात आम्ही नेहमी काढतो. जेवणाच्या पंगतीतला कुणी अनोळखी माणूस नवरा-नवरीच्या मध्ये डोकावतो, सगळी मजा जाते."

"मूळ टेप?"

"ती एकदाच चालली काका. आत कुणी तांदूळ भरले होते की काय, पावडरीत लडबडून यंत्रातच तुकडे झाले. मी तुमच्यासाठी पिशवीत भरून आणलेत."

तो हौशी, भला माणूस, त्याला बोलणार तरी काय? आणि पुढच्या रांगेतून मेहुण्याचा आवाज आलाच, "दाजी, झाला का चेहरा? माझी बहुतेक पापणी लवली." चार-सहा लोक हसले. विहीणबाईंनी भिडस्तपणे पदर तोंडाला लावला. काकूंची पाठ तेवढी दिसत होती, आणि पाठीवरून काही कळत नव्हतं. संपलं, काकांना वाटलं. आता ही जन्मभर असतील म्हणणार, आणि आपण मेल्यावरही आपल्याबद्दल 'असतील'च म्हणणार. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण अंधार होता.

चादरीवर घायाळ कंटकासुर लटपटत आपल्या सिंहासनाकडे निघाला होता. अजून त्याचं मरतानाचं लांबलचक भाषण बाकी होतं. तो सिंहासनापाशी आला. वळला. आणि बसण्याआधी, दोन्ही पंज्यांच्या चिमटीत दोन्ही मांड्यांवरचे खवले धरून त्याने ते गुडघ्यांपाशी हलकेच वर ओढले. मग बसला.

"थांबवा," काकू म्हणाल्या.

सनई थांबली. काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांची सावली चादरीवर पडली. "जरा मागे घ्या. तो बसतो तिथपर्यंत."

पुन्हा तो आला, वळला, पुन्हा खवले चिमटीत धरून वर ओढले, पुन्हा बसला.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला, "हे तर आमचे हे."

काकू मेहुण्याकडे वळल्या. "बघ ना रे. इस्त्री मोडेल म्हणून आधी गुडघ्यांवर पँट ओढतात आणि मग बसतात. आपल्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बाबांसमोर अस्सेच बसले होते. पायजम्यातसुद्धा ओढतात. परवा इस्पितळात तपासायला नेलं तर त्या हिरव्या झग्यातसुद्धा ओढलं. फोमला कसली मेली इस्त्री? पण यांचा हात गेलाच. अहो, कुठे आहात तुम्ही?"

सगळ्या खुर्च्या मागे वळल्या. काका टाकीपाशी उभे.

"चेहरा चेहरा काय करत बसलात इतकी वर्षं?" काकू त्यांच्यावर खऱ्याखुऱ्या चिडल्या होत्या आणि रडतही होत्या. "चेहरा काय, कुणाचाही कुणासारखा दिसतो. यात तुम्ही बसता हे आधी सांगायला काय झालं होतं?"

आपण असे बसतो हे काकांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

मेहुणा उठला. त्याने आपली खुर्ची उचलली, सगळ्यांच्या मधून वाट काढत टाकीपाशी आणली आणि काकांच्या मागे नीट ठेवली. बँकेचा तपासनीस तो. खात्री केल्याशिवाय सोडणारा नव्हे. पण आवाज मऊ झाला होता.

"दाजी, बसा."

काकांनी ठरवलं, काही झालं तरी हात हलू द्यायचे नाहीत. इतक्या लोकांसमोर शोभतं का ते? त्यांनी हात पाठीमागे बांधले, वळले, खुर्चीचा अंदाज घेतला. आणि हात सुटून पुढे आले, चिमटी पँटवर बसली, गुडघ्यांपाशी कापड हलकेच वर गेलं, आणि कंटकासुर खाली बसला.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. काकू आपली खुर्ची घेऊन मागे आल्या आणि त्यांच्या शेजारी बसून म्हणाल्या, "आता तुमचं ते मरतानाचं भाषण लावा म्हणावं. मला सगळं बघायचंय."